वर्षा नव्हे, रायसीना

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्याची दक्षिणेची सीमा गोदावरीने आखली आहे. शहागडचा पूल ओलांडला की गेवराई तालुका लागतो आणि बीड जिल्हा सुरू होतो. नदीच्या दोन्ही काठांवर कापूस तोच, ऊस तोच, बोली तीच आणि दुष्काळही तोच. पण लोकसभेच्या निकालांचे जुने तक्ते काढून बसलं, की या पुलाच्या दोन टोकांना दोन वेगळे इतिहास दिसतात. बीडने १९८० मध्ये केशरबाई क्षीरसागर यांना, म्हणजे सगळ्या जिल्ह्याच्या केशरकाकूंना, दिल्लीला पाठवलं. १९८४ आणि १९९१ मध्ये पुन्हा पाठवलं. १९९६ मध्ये रजनी पाटील निवडून आल्या. २०१४ ची पोटनिवडणूक आणि २०१९ ची निवडणूक प्रीतम मुंडे यांनी जिंकली.

अलीकडच्या काठावरची यादी याहून जुनी आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत लोकसभेचा मतदारसंघच अंबडच्या नावाने होता. तेव्हा हा भाग हैदराबाद राज्यात होता आणि त्या जागेवरून हनुमंतराव वैष्णव निवडून गेले. पुढे मतदारसंघ जालन्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. बाबूराव काळे, पुंडलिक हरी दानवे, बाळासाहेब पवार, अंकुशराव टोपे, उत्तमसिंह पवार, पाच वेळा रावसाहेब दानवे आणि २०२४ मध्ये कल्याण काळे. पक्ष बदलले, झेंडे बदलले, पण या यादीत बाईचं नाव एकदाही आलेलं नाही. ज्या अंबड गावात मत्स्योदरी देवीच्या मंदिराची गोष्ट अहिल्याबाई होळकरांच्या नावाशिवाय पुरी होत नाही, त्या गावाच्या वाट्याला हा इतिहास यावा, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे.

मग महाराष्ट्रात बाईमाणूस विधानसभेतून दिल्लीपर्यंत पोचतं कसं? या प्रश्नाचं सगळ्यात संपूर्ण उत्तर एकाच कारकिर्दीत सापडतं, ते प्रतिभा पाटील यांच्या. आमदार, उपमंत्री, मंत्री, विरोधी पक्षनेता, राज्यसभेच्या उपसभापती, प्रदेशाध्यक्ष, लोकसभेच्या खासदार, राज्यपाल आणि राष्ट्रपती. या शिडीची जवळजवळ प्रत्येक पायरी त्या चढल्या. फक्त एक पायरी मधेच गाळली गेली, मुख्यमंत्रिपदाची. ती का गाळली गेली, हे पाहिलं की बाकीच्या पायऱ्यांचाही अर्थ लागतो.

एदलाबादच्या आमदार

जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, खानदेशातल्या नाडगावचा. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम. ए. आणि मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी. कॉलेजात असताना टेबल टेनिसमध्ये नाव कमावलेलं. जळगावच्या कोर्टात वकिली सुरू झाली आणि १९६२ मध्ये काँग्रेसने त्यांना जळगावातून विधानसभेचं तिकीट दिलं. त्या निवडून आल्या तेव्हा वय होतं सत्तावीस.

महाराष्ट्र राज्य तेव्हा अवघं दोन वर्षांचं होतं. विधानसभेच्या जागा २६४. त्या वर्षाच्या शेवटी चीनशी युद्ध पेटलं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. जळगाव जिल्ह्यात महिलांचं होमगार्ड पथक उभं करण्याचं काम प्रतिभाताईंनी त्याच वर्षी केलं आणि त्याच्या कमांडंटही त्याच होत्या. नव्याने निवडून आलेल्या, कोर्टातून थेट राजकारणात आलेल्या मुलीने खाकी वेशातल्या बायकांची कवायत घ्यावी, हे त्या काळात जिल्ह्याला नवं होतं.

१९६७ मध्ये त्यांनी मतदारसंघ बदलला. जळगाव शहर सोडून त्या एदलाबादला गेल्या. हेच आजचं मुक्ताईनगर. १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा चार निवडणुका त्यांनी इथून जिंकल्या. म्हणजे जळगाव धरून विधानसभेच्या पाच निवडणुका आणि पराभव शून्य. पुढे १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभा जिंकली, तेव्हा थेट जनतेच्या मतावरचे विजय सहा झाले. लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि हरल्या, असं एकदाही घडलं नाही. पुढे राष्ट्रपतिपदाच्या वेळी त्यांचं नाव अनेकांना अपरिचित वाटलं, तेव्हा ही नोंद फारशी कुणाला आठवली नाही. दिल्लीत त्यांची ओळख ‘निष्ठावंत’ म्हणून सांगितली गेली. निवडणूक न हरणाऱ्या पुरुषाला आपल्याकडे ‘मास लीडर’ म्हणतात.

खात्यांची वाटणी

१९६७ मध्ये वसंतराव नाईकांनी त्यांना उपमंत्री केलं. खाती होती सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण आणि संसदीय कामकाज. १९७२ मध्ये कॅबिनेट मंत्रिपद आलं, ते समाजकल्याणाचं. मग आरोग्य आणि समाजकल्याण. शंकरराव चव्हाणांच्या काळात दारूबंदी, पुनर्वसन आणि सांस्कृतिक कार्य. १९७७ मध्ये वसंतदादांकडे शिक्षण. पुढे १९८२-८३ मध्ये नगरविकास व गृहनिर्माण आणि १९८३ ते १९८५ नागरी पुरवठा व समाजकल्याण.

या यादीत गृह, महसूल आणि अर्थ ही खाती नाहीत. मंत्रालयात कोणाचं वजन किती, हे खात्यावरून मोजण्याची रीत तेव्हाही होती. महसूलमंत्र्याच्या एका सहीने जमिनीचा सातबारा बदलतो, गृहमंत्र्याच्या एका फोनने ठाणेदार हलतो. समाजकल्याणमंत्र्याच्या दारात येतात ते वसतिगृहाचे रखडलेले अनुदान आणि शिष्यवृत्तीचे अर्ज. बाईला मंत्रिमंडळात घ्यायचं ठरलं की हीच खाती पुढे यायची. अपवाद होते. शालिनीताई पाटील महसूलमंत्री झाल्या. पण अपवाद अपवादच राहिले.

तरीही हे खातं हलकं होतं असं म्हणता येणार नाही, निदान मराठवाड्यातून पाहिलं तर नाही. प्रतिभाताई समाजकल्याणमंत्री झाल्या ते वर्ष होतं १९७२. पाऊस दगा देऊन गेला आणि महाराष्ट्रात त्या शतकातला भीषण दुष्काळ पडला. अंबड तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं, कारण जालना जिल्हा अजून जन्माला यायचा होता. तो झाला १ मे १९८१ रोजी. त्या दुष्काळाच्या आठवणी इथे अजून घराघरात निघतात. परदेशातून आलेला लालसर मिलो दळायचा आणि त्याची भाकर थापायला गेलं की ती तव्यावर नीट उतरायची नाही. दुष्काळी कामावरच्या मायांच्या पोरांना सुकडीचं पाकीट मिळायचं. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी फोडणं, या कामांवर बायका हजारोंनी होत्या. सकाळी कारभारणीने भाकरी बांधायची, तान्ह्याला झाडाला बांधलेल्या झोळीत ठेवायचं आणि दिवसभर हातोडीने दगड फोडायचा. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजना कायद्यापर्यंत गेली. महाराष्ट्राने तो कायदा १९७७ मध्ये केला आणि देशभरचा रोजगार हमी कायदा त्यानंतर २८ वर्षांनी, २००५ मध्ये आला. रोजगार हमी काही प्रतिभाताईंच्या खात्यात नव्हती. पण सरकार नावाची गोष्ट या बायकांपर्यंत पोचायची ती आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण आणि रेशन या वाटांनी, आणि या चारही वाटांची खाती वेगवेगळ्या वर्षी त्यांच्याकडे होती. मुंबईत ज्याला दुय्यम म्हणत, ते गावात रोज लागणारं होतं.

फूट आणि विरोधी बाक

कारकिर्दीतला सगळ्यात कसोटीचा काळ १९७७ ते १९८० हा. आणीबाणीनंतर इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या, केंद्रात जनता पक्ष आला. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली आणि इंदिरा काँग्रेस व रेड्डी काँग्रेस असे दोन पक्ष झाले. महाराष्ट्रातले बहुतेक मातब्बर रेड्डी काँग्रेसकडे गेले. फेब्रुवारीच्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादांचं सरकार बनवलं आणि ते जुलैमध्ये शरद पवारांनी पाडलं. पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री म्हणून पवारांनी शपथ घेतली तेव्हा त्यांचं वय सदतीस होतं.

या फाटाफुटीत प्रतिभाताई इंदिराजींसोबत राहिल्या. इंदिराजींच्या अटकेविरुद्धच्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवासही पत्करला. ज्या काळात इंदिरा गांधींचं नाव घेणं म्हणजे बुडत्या नावेत बसणं, असं शहाणे लोक एकमेकांना सांगत होते, त्या काळातली ही निवड आहे.

मग एक गोष्ट घडली, जिची आठवण आज फारशी काढली जात नाही. १९७९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद लागोपाठ दोन बायकांकडे होतं. आधी वर्ध्याच्या प्रभा राव आणि त्यांच्यानंतर जुलै १९७९ पासून प्रतिभा पाटील. समोर मुख्यमंत्री शरद पवार. मातब्बर सत्तेकडे निघून गेले, पक्ष विरोधात बसला आणि तिथे नेतृत्व बायकांकडे आलं. इंदिराजी जानेवारी १९८० मध्ये दिल्लीत परतल्या, फेब्रुवारीत पवारांचं सरकार बरखास्त झालं, राष्ट्रपती राजवट लागली. मे महिन्यातल्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या.

आता हिशेबाची वेळ होती. पडत्या काळात पक्ष सांभाळणारी विरोधी पक्षनेता, पाचव्यांदा निवडून आलेली, अठरा वर्षांचा सभागृहाचा अनुभव आणि उपमंत्रिपदापासूनची तालीम. संसदीय रिवाजात विरोधी पक्षनेत्याकडे भावी मुख्यमंत्री म्हणून पाहिलं जातं. पण मुख्यमंत्री झाले अब्दुल रहमान अंतुले. प्रतिभाताईंच्या मंत्रिपदांच्या नोंदीत अंतुल्यांच्या पूर्ण कारकिर्दीत एकही खातं दिसत नाही. पुढची नोंद थेट १९८२ ची आहे, बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाल्यानंतरची.

मलबार हिलवरच्या मुख्यमंत्र्यांच्या ‘वर्षा’ बंगल्याच्या इतक्या जवळ महाराष्ट्रातली दुसरी बाई त्याआधी गेली नव्हती. दार उघडलं नाही. राज्य स्थापन होऊन सहा दशकं उलटून गेली, तरी मुख्यमंत्र्यांच्या यादीत अजून एकाही स्त्रीचं नाव नाही. उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी १९६३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या. तमिळनाडू, बिहार, राजस्थान, दिल्ली, पश्चिम बंगाल, सगळीकडे बाया मुख्यमंत्री झाल्या. सावित्रीबाई फुल्यांचं नाव घेऊन सभा सुरू करणारा महाराष्ट्र इथे मागे राहिला.

दिल्लीची वाट

जून १९८५ मध्ये प्रतिभाताई राज्यसभेवर गेल्या. १८ नोव्हेंबर १९८६ रोजी त्या उपसभापती झाल्या आणि ५ नोव्हेंबर १९८८ पर्यंत त्या पदावर राहिल्या. मधे एक घटना घडली. उपराष्ट्रपती आर. वेंकटरामन राष्ट्रपती झाले, सभापतीची खुर्ची रिकामी झाली आणि २५ जुलै ते २ सप्टेंबर १९८७ या काळात सभापतिपदाची धुरा प्रतिभाताईंनी सांभाळली. बोफोर्सच्या आरोपांनी संसद तापलेली असतानाचे ते दिवस. या अनुभवाला वरून शांत दिसणारी पण आतून कठीण अशी बाजू असते. खुर्चीवरचा माणूस कुणाच्या बाजूने बोलू शकत नाही. तो फक्त कुणाला किती वेळ बोलू द्यायचं हे ठरवतो. पुढे आलेल्या राज्यपाल आणि राष्ट्रपती या पदांची तयारी इथे झाली. आधीची कारकीर्द बाजू घेण्याची होती, ही दोन्ही पदं बाजू न घेण्याची.

१९८८ ते १९९० त्या महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या. १९९१ मध्ये अमरावतीतून लोकसभेवर गेल्या. अमरावती हे त्यांचं सासर. १९६५ मध्ये देवीसिंह शेखावत यांच्याशी लग्न झालं होतं. शेखावत मुळात शिक्षणक्षेत्रातले, पुढे अमरावतीचे आमदार आणि महापौर झाले. त्या दहाव्या लोकसभेत बीडहून केशरकाकू होत्या आणि जालन्यातून अंकुशराव टोपे. अंबडच्या साखरेच्या आणि शिक्षणसंस्थांच्या राजकारणातून वर आलेले टोपे आणि एदलाबादहून आलेल्या प्रतिभाताई एकाच सभागृहात, एकाच पक्षाच्या बाकांवर बसले. दोघांच्या राजकारणाचा साचा एकच होता. सहकारी कारखाना, सहकारी बँक, शाळा-कॉलेज, मग मतदारसंघ. प्रतिभाताईंनीही जळगाव-अमरावतीत शिक्षणसंस्था, नोकरदार बायकांसाठी वसतिगृहं, महिला सहकारी बँक आणि साखर कारखाना उभा केला.

या साच्याचे गुण त्यांच्याकडे आले, तसे दोषही आले. त्यांच्या नावाची महिला सहकारी बँक डबघाईला आली आणि २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. संत मुक्ताबाई साखर कारखान्याचं कर्ज थकलं. २००७ मध्ये विरोधकांनी ही सगळी कागदपत्रं बाहेर काढली, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यात नवल वाटलं नाही. अशा बँका आणि असे कारखाने प्रत्येक जिल्ह्यात होते. पण ज्या बायकांनी पै-पै करून ‘बायकांची बँक’ म्हणून पैसे ठेवले होते, त्यांच्या दृष्टीने हा राजकीय मुद्दा नव्हता, घरातल्या पैशाचा होता. प्रतिभाताईंच्या कारकिर्दीचा जमाखर्च मांडताना ही ओळ खोडता येत नाही.

१९९६ नंतर त्या जवळजवळ आठ वर्षं सक्रिय राजकारणाच्या कडेला होत्या. बहुतेकांची गोष्ट इथे संपते.

जयपूर आणि मग

८ नोव्हेंबर २००४ रोजी त्या राजस्थानच्या राज्यपाल झाल्या, त्या राज्याच्या पहिल्या स्त्री राज्यपाल. त्या वेळी मुख्यमंत्री होत्या वसुंधरा राजे आणि विधानसभेच्या अध्यक्ष सुमित्रा सिंह. घुंघट आणि बालविवाहांसाठी ओळखल्या जाणाऱ्या राज्यात राज्यपाल, मुख्यमंत्री आणि विधानसभाध्यक्ष, तिन्ही खुर्च्यांवर बाया. बाया आहेत म्हणून त्यांचं आपसात जमेल, असा भाबडा समज मात्र टिकला नाही. राजे सरकारने २००६ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर करून घेतलं, तेव्हा राज्यपालांनी ते सही न करता परत पाठवलं. पक्ष वेगळे, पदं वेगळी, मतं वेगळी. राजकारणातल्या बाईला राजकारणी म्हणूनच पाहावं लागतं.

२००७ च्या जूनमध्ये राष्ट्रपतिपदाचा शोध सुरू झाला. काँग्रेसकडून पहिल्यांदा चर्चेत होतं ते लातूरच्या शिवराज पाटील यांचं नाव, आणि ते राष्ट्रपती झाले असते तर मराठवाड्याचा माणूस रायसीना टेकडीवरच्या राष्ट्रपती भवनात गेला असता. डाव्या पक्षांनी त्यांना विरोध केला. इतर नावं आली आणि गेली. १४ जूनला प्रतिभा पाटील यांचं नाव जाहीर झालं. समोर भाजपप्रणीत आघाडीच्या पाठिंब्याने विद्यमान उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत. गंमत अशी की प्रतिभाताईंच्या सासरचे शेखावतही मूळचे राजस्थानातल्या सीकर भागातले, भैरोसिंहांच्याच मुलखातले. त्यामुळे राजस्थानात ‘आमची सून’ आणि महाराष्ट्रात ‘आमची लेक’ असा दुहेरी प्रचार झाला. शिवसेनेने आघाडीधर्म बाजूला ठेवून मराठी राष्ट्रपती या मुद्द्यावर त्यांना पाठिंबा दिला.

प्रचारात त्या अडखळल्याही. उदयपूरमध्ये बोलताना पडदा पद्धतीचा उगम त्यांनी मुघलांच्या आक्रमणाशी जोडला आणि इतिहासकार तुटून पडले. तरी निकालाबद्दल शंका नव्हती, कारण राष्ट्रपतीची निवडणूक सभांवर नाही, मतांच्या मूल्यावर ठरते. खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा ७०८ होतं. आमदाराच्या मताचं मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून निघतं. महाराष्ट्राची तेव्हाची पाच कोटी चार लाख लोकसंख्या २८८ आमदारांत वाटली आणि हजाराने भागली की येतात १७५. अंबडच्या आमदाराच्या मताचं मूल्यही तेवढंच, १७५. अंबड नावाचा विधानसभा मतदारसंघ त्या वेळी अस्तित्वात होता. पुढच्याच वर्षीच्या फेररचनेत तो गेला आणि तालुका बदनापूर व घनसावंगी अशा दोन मतदारसंघांत वाटला गेला. म्हणजे राष्ट्रपती निवडणुकीत अंबडच्या नावाने पडलेलं ते शेवटचं मत.

२१ जुलै २००७ रोजी मोजणी झाली. प्रतिभा पाटील ६,३८,११६. भैरोसिंह शेखावत ३,३१,३०६. २५ जुलैला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांनी त्यांना शपथ दिली आणि प्रजासत्ताकाला सत्तावन्न वर्षांनी पहिली स्त्री राष्ट्रपती मिळाली.

पाच वर्षं

त्यांच्या पाच वर्षांतला एक प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहिला. २५ नोव्हेंबर २००९, पुण्याचा लोहगाव तळ. चौऱ्याहत्तर वर्षांच्या राष्ट्रपतींनी साडी बाजूला ठेवून जी-सूट चढवला, हेल्मेट बांधलं आणि सुखोई ३० लढाऊ विमानात वैमानिकाच्या मागच्या आसनावर बसून त्या आकाशात गेल्या. अब्दुल कलाम यांनी २००६ मध्ये तेच केलं होतं. पण डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणाऱ्या बाईने ते करणं वेगळं होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत तो फोटो पहिल्या पानावर होता. सैन्यदलांच्या सर्वोच्च सेनापती त्या होत्या, पण लढाऊ विमानाच्या आसनापर्यंत भारतीय वायुदलातल्या बायकांना पोचायला अजून सात वर्षं लागली. २०१६ मध्ये तीन तरुणी पहिल्या लढाऊ वैमानिक झाल्या.

टीकाही भरपूर झाली. परदेश दौऱ्यांचा खर्च, तीसहून अधिक कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलण्याचे निर्णय, खडकीतल्या लष्करी जमिनीवर निवृत्तीनंतरचं घर बांधण्याचा बेत. यातला फाशीचा विषय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याचा असतो, राष्ट्रपतीच्या लहरीचा नाही. जमिनीचा बेत मात्र त्यांना २०१२ मध्ये सोडून द्यावा लागला.

राजकीय दृष्ट्या त्यांच्या कार्यकाळातला सगळ्यात मोलाचा दिवस बहुधा ४ जून २००९ असावा. आदल्याच दिवशी मीरा कुमार लोकसभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या होत्या. संसदेच्या संयुक्त सभेपुढे अभिभाषण करताना राष्ट्रपतींनी सरकारची आश्वासनं वाचली. त्यांत विधिमंडळं आणि संसदेत महिला आरक्षण होतं आणि पंचायतींत निम्म्या जागा बायकांसाठी ठेवण्याचा संकल्पही होता. भाषण सरकारने लिहून दिलेलं असतं हे खरं. पण सत्ताविसाव्या वर्षी विधानसभेत गेलेल्या बाईच्या तोंडून ते देशाने ऐकलं. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केलं. लोकसभेत ते आलंच नाही आणि २०१४ मध्ये ती लोकसभा संपली तेव्हा विधेयकही संपलं.

दोन वाटा

या कारकिर्दीकडे नीट पाहिलं तर एक आकृती दिसते. लोकांनी प्रतिभाताईंना सहा वेळा निवडून दिलं, एकदाही नाकारलं नाही. पण त्यांना मिळालेली सगळ्यात मोठी पदं, राज्यसभेचं उपसभापतिपद, राज्यपालपद, राष्ट्रपतिपद, ही वरिष्ठांच्या निवडीने मिळाली. जिथे थेट सत्ता होती, तिजोरी होती, बदल्या होत्या, पोलिस होते, तिथे पुरुषांनी जागा सोडली नाही. जिथे मान होता, तिथे बाईला सन्मानाने बसवलं. त्यांच्या निष्ठेला अनेकांनी कमकुवतपणा म्हटलं. खरं तर व्यवस्थेने बाईसाठी जी एक वाट मोकळी ठेवली होती, ती त्या न चुकता, न दमता शेवटपर्यंत चालून गेल्या. प्रभा राव यांची वाटही तीच. विरोधी पक्षनेता, खासदार, हिमाचलच्या आणि मग राजस्थानच्याच राज्यपाल. देशाच्या दुसऱ्या स्त्री राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनीही हाच रस्ता घेतला. ओडिशातल्या रायरंगपूरच्या नगरसेविका, आमदार, राज्यमंत्री, झारखंडच्या राज्यपाल आणि २०२२ मध्ये राष्ट्रपती. रायसीना गाठता येतं, वर्षा गाठता येत नाही, हे महाराष्ट्राच्या राजकारणाचं वर्म आहे.

दुसरी वाट खालून निघाली आहे. महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांसाठी ३० टक्के जागा राखल्या, राज्यघटनेच्या ७३ आणि ७४ व्या दुरुस्त्यांनी ते प्रमाण देशभर एक तृतीयांश केलं आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने ते निम्म्यावर नेलं. या वाटेचं फळ प्रतिभाताईंच्याच मुलखात दिसलं. मुक्ताईनगरजवळच्या कोथळीच्या सरपंच रक्षा खडसे जिल्हा परिषदेतून २०१४ मध्ये रावेरच्या खासदार झाल्या आणि २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री. त्याच वर्षी जळगावातून स्मिता वाघ निवडून आल्या, त्याही जिल्हा परिषदेच्या राजकारणात तयार झालेल्या. घराण्याचं पाठबळ या वाटेवरही आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सरपंचाच्या खुर्चीत बसून ग्रामसभा चालवलेली बाई आणि फक्त पोस्टरवर हात जोडलेली बाई यांत फरक असतो. तो मतदाराला कळतो.

२०२४ मध्ये महाराष्ट्राच्या ४८ खासदारांपैकी सात बायका होत्या. २०२३ मध्ये संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती करून लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी ठेवल्या, पण त्याला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट जोडली. ती अट पुरी झाली आणि जागा ४८ च राहिल्या, तर त्यांतल्या १६ बायकांच्या होतील आणि त्या आळीपाळीने फिरतील. तेव्हा कधीतरी जालन्याचीही पाळी येऊ शकते. ती आली की प्रत्येक पक्ष उमेदवार शोधायला निघेल. पहिला शोध नेत्यांच्या घरात होईल, पत्नी, मुलगी, सून. अंबड, बदनापूर, भोकरदनच्या पंचायतींत तोवर दहा-दहा वर्षं कारभार केलेल्या शेकडो बायका असतील. टँकरच्या फेऱ्या कोणत्या वस्तीला आधी जायच्या याचं भांडण मिटवलेल्या, ग्रामसेवकाकडून हिशेब मागितलेल्या, अंगणवाडीचे गळके पत्रे बदलून घेतलेल्या. उमेदवार म्हणून त्यांची नावं पुढे आली नाहीत, तर आरक्षण असूनही जालन्याच्या यादीत फक्त नाव बदलेल, घर तेच राहील. हे टाळायचं असेल तर पाळी येण्याची वाट बघत बसून चालणार नाही. खुल्या जागेवर बाईला तिकीट मागण्याची सवय इथल्या कार्यकर्त्यांना आत्ता, जिल्हा परिषदेच्या निवडणुकांपासूनच लावून घ्यावी लागेल. जळगावकरांनी १९६२ मध्ये सत्तावीस वर्षांच्या वकीलबाईला निवडून दिलं, तेव्हा कुठलंही आरक्षण नव्हतं.